७० किलोच्या आत

अलिबागकडच्या आमच्या गावात पोरगं धावायला लागलं की त्याला कबड्डीचा दम धरायला शिकवतात. १९२३मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने खेळाचे नियम छापले, १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकलं, २०१४ला प्रो कबड्डी आली. आमच्या घराला मात्र तारीख पाठ असायची ती कुमार गटाच्या जिल्हा निवड चाचणीची. अट दोन आकड्यांची: वय २० आणि वजन ७० किलोच्या आत. आदल्या दोन रात्री धाकटा भाऊ जेवायचा नाही. आई भात-कालवण झाकून ठेवायची, बोलायची काही नाही. जिंकलेल्यांची नावं ढालीवर कोरली जातात. अर्ध्या किलोपायी काट्यावरूनच परतलेल्या पोरांची नावं हवी असतील, तर त्यांच्या आयांनाच विचारावं लागेल.