आवाज आजीचा, गाणे कुणाचे?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे लोकसाहित्याच्या प्रकल्पाला मी 'धवले' हा विषय घेतला, तेव्हा घरातल्यांना कोण आनंद झाला! माझी आजी मांडव्याची धवलारीण. आमच्याकडच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारणीच्या गाण्यावाचून विधी पुढे सरकत नाहीत. आजीला अक्षरओळख नाही. पण रात्र सरते, तिचे धवले सरत नाहीत. मी तिला पडवीत बसवून ते फोनवर मुद्रित केले.

चूक माझी, ती इथून पुढची. मुंबईच्या चुलतभावाने ती गाणी ऐकायला मागितली आणि मी कौतुकाने पाठवून दिली. त्याने ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कुठल्याशा ॲपमध्ये घातली आणि आजीच्याच आवाजात हळदीचे एक नवेकोरे गाणे तयार केले. शब्द यंत्राचे, खाली धडाधड ढोल. गेल्या वैशाखात आमच्या आळीतल्या एका हळदीला ते कर्ण्यावर वाजले. त्या घरून आजीला बोलावणे आले नव्हते. ती ओट्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग मला म्हणाली,

"बाय, आवाज माजा हाय. पन ह्या मी कंदी गायलं?"

मला उत्तर देता आले नाही. एस.टी.ने अलिबागला येता-जाता तोच प्रश्न डोक्यात. शेवटी ग्रंथालयातून १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला. कलमे वाचताना घाम फुटला, पण एक वाक्य नेमके सापडले. १९९४ च्या दुरुस्तीप्रमाणे संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण करवणारी व्यक्ती. म्हणजे बटण दाबणारा आमचा दादा कर्ता ठरायचा! त्याला धवल्याची एक ओळ धड येत नाही. अर्थात, हे वाक्य लिहिले गेले तेव्हा असली यंत्रे नव्हती.

धवले कुणा एकाचे नाहीतच, ते सासूकडून सुनेकडे कानोकान आलेले. तरी गाणाऱ्यालाही आपल्या गायनावर ५० वर्षे हक्क असतो, हे त्याच कायद्यात वाचून मला बरे वाटले. पण तो हक्क गायलेल्या गाण्याचा. जे आजी गायलीच नाही, त्याचे काय?

सरांनी मला आशा भोसले यांच्या खटल्याविषयी वाचायला सांगितले. त्यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल थांबवावी म्हणून त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि २०२५ साली न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: परवानगीवाचून प्रसिद्ध व्यक्तीचा आवाज असा घडवणे हा तिच्या व्यक्तिमत्त्व-हक्काचा भंग आहे. मी तो 'प्रसिद्ध' शब्द पुन्हापुन्हा वाचला. आमच्या आजीला मांडव्यापासून सासवण्यापर्यंतची माणसे ओळखतात. तेवढी प्रसिद्धी पुरते का? आणि पुरली तरी नातवावर खटला कोण भरणार?

दादाने माझ्या सांगण्यावरून ते गाणे पुसले, स्वतःच्या फोनमधून. बाकीच्यांच्या फोनमध्ये ते आहेच. आजी त्याच्यावर रागावली नाही. उलट पोर हुशार आहे म्हणाली. मला मात्र ती आता विचारते, "कोनाला देशील?"

प्रकल्प अजून पुरा व्हायचा आहे. परवा तिने तेलवणाचा धवला म्हटला. मी तो पेन्सिलने वहीत उतरवून घेतला, दोनदा थांबवून. फोन पडवीत ठेवून आले होते.