पोह्यांतलं लोह

आहारसल्ल्याच्या व्यवसायातली सुरुवातीची वर्षं मी पोह्यांच्या जिवावर काढली. डोंबिवली पूर्वेला छोटी खोली, येणाऱ्यांत लोकलने मुंबई गाठणाऱ्या बायकाच जास्त, आणि हिमोग्लोबिन बहुतेकींचं दहाच्या आसपास. टेबलावर अन्नघटकांच्या तक्त्यांचं जुनं पुस्तक. त्यात 100 ग्रॅम पोह्यांत 20 मिलिग्रॅम लोह. बाईची रोजची गरज तेव्हा 21 धरत. म्हणजे 60 ग्रॅम पोहे भिजवले की 12 मिलिग्रॅम. निम्म्याहून जास्त काम चहाआधीच उरकलं! पालेभाजी निवडत बसायला नको. मी खुशीत होते.

बँकेत नोकरी करणाऱ्या एकीचं हिमोग्लोबिन मात्र जागचं हलेना. दुसरा रिपोर्टही तसाच आला, तेव्हा मी विचारलं, “पोहे नक्की खाता ना?”

“मॅडम, डबा भरून नेते. गाडीतल्या मैत्रिणींना विचारा हवं तर.”

मी वहीत लिहिलं : ‘खाण्याची माहिती भरवशाची नाही.’ छापील आकडा चुकणार नाही, म्हणजे बाईच खोटं बोलतेय, हा माझा हिशेब. पुढे मुंब्र्याच्या आसपास गाडीत तिला चक्कर आली. गर्दी एवढी, की खाली पडायलाही जागा नव्हती, म्हणून वाचली. पाळीत रक्त फार जातंय, हे डॉक्टरांनी दोन प्रश्नांत काढलं आणि उपचार सुरू केले. मी तिला वाटी केवढी, चमचा केवढा, सगळं विचारलं होतं, पाळीचं नाही.

2017 साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे नवे तक्ते आले. देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन 528 पदार्थ तपासलेले. मी आधी पोहे शोधले. लोह साडेचारच्याही आत. माझे 12 मिलिग्रॅम पावणेतीनवर आले. धान्याला चिकटलेली माती, यंत्राचा लोखंडी कीस, प्रयोगशाळेत सगळंच लोह म्हणून मोजलं जातं. शरीर त्याला फारशी दाद देत नाही. अन्नातलं जे थोडं मिळायचं, त्यातलंही बरंचसं वर प्यायलेला चहा अडवतो, आणि पोह्यांवर चहा न पिणारं घर मी डोंबिवलीत अजून पाहिलेलं नाही.

तिला फोन केला. म्हटलं, “तुम्ही खरंच सांगत होता.”

“ते मला माहीत होतं, मॅडम,” ती म्हणाली. ती परत आली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

आता बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली दिसलं, की मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. पोहे आवडत असतील तर जरूर खा, पण लोहाच्या भरवशावर नको.