कल्पनेचं विरजण

मैत्रिणींनो, कणीक मळता मळता किंवा तांदूळ निवडताना एकदम काहीतरी छान सुचतं, असं तुमचंही होतं ना? आणि तीच गोष्ट वही-पेन्सिल घेऊन मुद्दाम सुचवू म्हटलं, तर काही केल्या सुचत नाही! यात आपला वेंधळेपणा मुळीच नाही. मेंदूची रीतच तशी आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या एकूण शक्तीपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खातो. आपण स्वस्थ बसलो तरी त्याची भूक फारशी कमी होत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे शास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली दाखवून दिलं की, हातात विशेष काम नसताना मेंदूचे काही भाग उलट अधिक जागे असतात. तेव्हा घटकाभर खिडकीशी बसलेल्या बाईला "काय गं, रिकामी बसलीस?" असं विचारणं शास्त्राला धरून नाही. (हे वाक्य घरात मोठ्यानं वाचायला हरकत नाही!)

हे सगळं सांगतेय ते घरगुती उद्योगासाठी. मला थालीपीठाच्या भाजणीचा उद्योग करायचा होता. साठवलेले पाच हजार रुपये त्यात घालायचे होते आणि ते बुडाले तर पुन्हा साठवायला किती वर्षं लागतात, हे तुम्हाला मी काय सांगू! अडचण अशी की, दळून ठेवलेल्या भाजणीचा खमंगपणा उतरतो. उरली तर नुकसान आपलंच. चार दिवस मी हिशेब मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मग वही मिटून ठेवली. पुढच्या आठवड्यात दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी होते, तेव्हा सुचलं: आधी मागणी नोंदवायची, धान्यं भाजून ठेवायची आणि दळायचं फक्त शनिवारी!

ते चार दिवस मात्र हवेतच बरं का. २००४ साली जर्मनीतल्या ल्युबेकच्या संशोधकांनी काही जणांना आकड्यांची कोडी घातली. त्यांत एक युक्ती दडलेली होती. आधी थोडी डोकेफोड करून मग रात्रभर झोपलेल्यांपैकी जितक्यांना ती सापडली, त्यांचं प्रमाण जागे राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक भरलं. डोकेफोड न करता नुसत्या झोपलेल्यांना काही लाभ झाला नाही. विरजण न लावता दूध झाकून ठेवलं, तर दही कसं लागणार?

आणि सुचल्याबरोबर घरभर सांगू नका. २००८ साली अमेरिकेत ६ जाझ पियानोवादकांचे मेंदू तपासले, तर मनातलं, आयत्या वेळचं वाजवताना स्वतःवर पहारा ठेवणारा भाग शांत झालेला दिसला. आपल्या डोक्यातला तपासनीस गप्प बसवला आणि समोर घरातला उभा राहिला, तर काय उपयोग? "कोण विकत घेणार?" एवढंच पुरतं. मी पंधरा दिवस अवाक्षर काढलं नाही. मग गॅस, दळणाची मजुरी, पिशव्या सगळं धरून हिशेब यांच्यापुढे ठेवला. यांनी तो दोनदा तपासला, भाव थोडा वाढवायला लावला. तेव्हा तपासनीस हवाच!

आता शनिवारी गिरणीवाले काका पहिला नंबर माझ्या डब्यांना देतात. आणि कणकेचे हात पुसून चटकन लिहिता यावं, म्हणून फ्रीजच्या मुठीला एक पेन्सिल दोरीनं बांधलेली आहे.