खालच्या खोलीतला थंड रेडिएटर



लेस्टरहून परत येऊन दोन महिने झाले. नातीबद्दल लिहा, बाळंतपणाच्या लाडवांबद्दल लिहा, असे तुमचे निरोप आले. लिहीन. पण आधी एका लोखंडी वस्तूबद्दल लिहायचे आहे, कारण तिने मला जे करायला लावले ते अजून मनातून जात नाही. शिवाय तुमच्यापैकी कितीतरी जणींची मुले इंग्लंडात आहेत, आणि आज ना उद्या तुम्हीही तिथे हिवाळ्यात जाणारच.

तिथे खोली गरम करायला आपल्यासारखा हीटर नसतो. स्वयंपाकघरात भिंतीवर गॅसचा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी पाइपांतून घरभर फिरवतो, आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली लोखंडी पत्र्याची चपटी पेटी असते, तिच्यातून ते जाते. ती पेटी म्हणजे रेडिएटर. तेच पाणी फिरून परत बॉयलरला येते. आपल्या बंबाचा मोठा भाऊ म्हणा, फक्त याचे पाणी कुणी अंघोळीला घेत नाही.

सुनेचे सिझेरियन झालेले, जिना चढायचा नाही. म्हणून तिची, बाळाची आणि माझी झोपायची सोय खालच्या पाहुण्यांच्या खोलीत केली. मुलगा कामासाठी अ‍ॅबरडीनला गेलेला. डिसेंबरची 22 तारीख. चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे माझे जेवण साडेतीनला उरकलेले. संध्याकाळी खोलीत गेले तर तोंडातून वाफ निघत होती. बाळाच्या खोलीत 16 ते 20 अंश असावे असे तिथली नर्स सांगून गेली होती. थर्मामीटर 13 दाखवत होता. रेडिएटरला हात लावला, तर माठासारखा गार.

आणि मी पटकन बोलून गेले, "अगं, सारखे ओले कपडे टाकतेस त्याच्यावर, मग बिघडणार नाही तर काय?"

ती काही बोलली नाही. रात्री मी पाणी प्यायला उठले तर अंथरुण रिकामे. टाके घातलेल्या पोटाने, बाळाला उराशी धरून, ती जिना चढून वरच्या खोलीत गेली होती. मला उठवलेसुद्धा नाही.

सकाळी दुरुस्तीवाल्या कंपनीला फोन केला. नाताळची सुट्टी, 28 तारखेशिवाय माणूस मिळणार नव्हता. मग मी शेजारच्या काकांना हाक मारली. हे गुजराती, 1972 साली युगांडातून सगळे सोडून आलेले, आणि निवृत्तीपर्यंत हेच काम केलेले. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जुन्या चर्चच्या इमारतीत आपले जैन सेंटर आहे ना, तिथे आमची ओळख झाली होती. काका दारातच म्हणाले, "बेन, बॉयलरचे झाकण मी उघडणार नाही. ते नोंदणी असलेल्या गॅसवाल्याचेच काम. बाकी बघू."

त्यांची पद्धत मला फार आवडली. ट्रायल बॅलन्स जुळत नसला की आमचे सर म्हणायचे, सगळ्या वह्या उचकू नका, चूक कुठल्या बाजूला आहे ते आधी ठरवा. काकांचे तसेच. पहिला प्रश्न, सगळे रेडिएटर गार की एकच? बाकीचे चांगले तापले होते. म्हणजे बॉयलर चालू, पंप चालू. दाबाचा काटा पाहिला, एकच्या थोडा वर. ठीक. तो एकच्या खाली गेला असता तर बॉयलरखालची भरायची तोटी उघडून पाणी वाढवावे लागते. कडाक्याच्या थंडीत सगळेच बंद पडले तर बाहेर जाणारा प्लास्टिकचा पाइप गोठला आहे का ते पाहायचे, आणि त्यावर कोमट पाणी ओतायचे, उकळते नाही.

मग हाताने तपासणी, आपण तव्यावर हात धरून अंदाज घेतो तशी. खाली गरम आणि वर गार असेल तर आत हवा अडकली आहे. वर गरम आणि खाली मध्यभागी गार असेल तर तळाला गंजाचा काळा गाळ बसला आहे. पूर्णच गार असेल तर पाणी आत शिरतच नाही. आमचा पूर्ण गार. तरी काकांनी हीटिंग बंद करून, खाली जुना टॉवेल धरून, वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू किल्लीने अर्धा फेरा सैल केला. हवा असती तर सूं आवाज आला असता. लगेच काळपट पाणी आले. म्हणजे हवा नाही. स्क्रू घट्ट केला, हीटिंग पुन्हा लावले, आणि दहा मिनिटांनी खालचे दोन्ही पाइप चाचपले. एक कढत, दुसरा गार. पाणी दारापर्यंत येत होते, दार उघडत नव्हते.

हे दार म्हणजे पाइपाच्या तोंडाशी असलेली आकड्यांची गोल मूठ. तिच्या आत मेण किंवा द्रव असतो. खोली तापली की तो फुगतो आणि खालची बारीक पिन दाबतो, मग पाणी अडते. खोली गार झाली की पिन वर येते. काकांनी मूठ हाताने फिरवून काढली. पिन खालीच रुतलेली. त्यांनी थेंबभर तेल सोडले आणि माझ्या लाटण्याच्या टोकाने हळूहळू ठोकले. पकडीने ओढायची नाही, म्हणाले, हातात आली तर खोलीभर काळे पाणी. पाच-सहा वेळा ठोकल्यावर पिन टुणकन वर आली. आत पाणी खळखळले. दुसऱ्या टोकालाही एक टोपीवाला व्हॉल्व्ह होता, मी हात लावणार तोच ओरडले, "एने हाथ नहीं!" कुठल्या खोलीला किती पाणी जायचे ते त्याच्यावर ठरवलेले असते.

मी विचारले, असे कशाने होते?

"उन्हाळ्यात कोणी शून्यावर फिरवून ठेवले असणार. पाच महिने पिन दाबलेली राहिली की चिकटते. उन्हाळ्यात हे पूर्ण उघडे ठेवायचे असते."

मैत्रिणींनो, जूनमध्ये त्या खोलीत मीच राहिले होते. परत निघताना घरभर फिरून सगळ्या मुठी शून्यावर केल्या होत्या, नळ उघडा कशाला ठेवायचा म्हणून. वरच्या मुलाने पुन्हा वापरल्या, त्या सुटल्या. ही खोली डिसेंबरपर्यंत बंद होती. मुठीचा आकडा मीच पाचवर नेला आणि काम झाले असे समजले. कपडे टाकले तर ऊब अडते आणि खोलीत ओल धरते हे खरे, पण त्याने रेडिएटर असा ठार गार पडत नाही.

काका गेल्यावर मी वर गेले. ती बाळाला पाजत होती. जिना चढून मलाही दम लागला होता. काठावर बसले आणि सगळे सांगितले, जूनपासूनचे. उत्तम क्षमा आपण पर्युषणानंतर शंभर जणांना म्हणतो, फोनवरही म्हणतो. या मुलीसमोर ते दोन शब्द घशात अडकले. शेवटी म्हटले, "चूक माझी होती गं, आणि बोलले तुला."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, टाके दुखतायत. खाली न्याल का हिला?"

बाळाला घेऊन मी पुढे उतरले, ती कठड्याला धरून मागून. खोलीत 18 झाले होते. दुपारी मशीनमधून लंगोट काढले, आणि टाकायला जागा नव्हती म्हणून ती माझ्याकडे बघू लागली. मी ते जेवणघरातल्या घडीच्या स्टँडवर पसरले. दोन लहान राहिले, ते तिने रेडिएटरवर टाकले. मी काही बोलले नाही.

मार्चमध्ये निघताना सुनेला एक काम सांगून आले. हीटिंग बंद झाले की सगळ्या मुठी पाचवर.