औट हात

आमच्या वऱ्हाडात 'ळ' फार काळ टिकत नाही. शाळेची शाया होते, काळ्याचा काया होतो आणि वळणाचं वयन. संग्रामपूरच्या स्टँडवर शेगावच्या एसटीची वाट बघत दोन बाप पोरांच्या शाळेविषयी बोलायला लागले की हा शब्द आलाच म्हणून समजा. "बाकी काही नाही, पोराले वयन लागलं पाह्यजे." फी, टक्के, इंग्रजी हे सगळं त्याच्या मागून. मीही हे वाक्य किती वेळा बोललो असेन. वळण अक्षराला असतं, रस्त्याला असतं, वागण्याला असतं. मला त्यातलं नेमकं कोणतं हवं होतं हे मात्र मी स्वतःला कधी विचारलं नाही.

लेकीला कॉन्व्हेंटात टाकलं. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की आमच्याकडच्या कॉन्व्हेंटात सिस्टर नसते आणि क्रूसही नसतो. दारावर गणपती, भिंतीवर सरस्वती, आणि कधी पाटीवर चक्क एखाद्या संताचं नाव नि त्यापुढे 'कॉन्व्हेंट'. इंग्रजी बालवाडी निघाली की तिला हाच शब्द. मिशनऱ्यांच्या शाळांशी आपली ओळख तशी जुनी. मुंबईत विल्सनसाहेबांनी १८३२ साली शाळा काढली, नागपुरात १८८३ साली हिस्लॉप कॉलेज निघालं. दोन्ही स्कॉटिश मिशनऱ्यांची. पोरगं बाटेल ही धास्ती खरी होती, घरात रडारड व्हायची, तरी हिंदू घरांतली मुलं तिथे जात राहिली. तिथपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत येता येता बायबल वाटेत कुठेतरी गळालं आणि टाय तेवढा उरला. मार्चच्या उन्हात पिवळ्या व्हॅनमधून घामेजून उतरणारी, गळ्यात इलॅस्टिकचा टाय लोंबणारी माझी लेक बघितली की मला त्या टायचीच दया येते.

ते गळालेलं बायबल काही घरं आता मुद्दाम शोधत निघाली आहेत, पण ती अमेरिकेत. त्यांची गोष्ट सुरू होते ऑक्सफर्डमध्ये. डोरोथी सेयर्स ही गुप्तहेरकथा लिहिणारी बाई. पुढे तिने दान्तेचं भाषांतरही केलं. १९४७ साली तिथे एका भाषणात ती म्हणाली, की आपण मुलांना विषय शिकवतो, शिकायचं कसं ते शिकवत नाही. मध्ययुगीन युरोपातली व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही तिपेडी शिकवण तिने मुलांच्या वयाशी जोडली. लहानपण हे पोपटाचं वय, तेव्हा भरपूर पाठ करून घ्या. मग येतं उलट बोलायचं वय, तेव्हा वाद घालायला शिकवा. शेवटी स्वतःचं काही म्हणायचं वय. हाच विचार धरून पुढे १९८१ साली मॉस्को गावात (हे मॉस्को अमेरिकेतल्या आयडाहोमधलं) काही आईबापांनी लोगोस नावाची शाळा काढली, आणि तिच्या पावलावर पाऊल ठेवून अशा ख्रिस्ती शाळा बऱ्याच निघाल्या. तिथे मुलं लॅटिन घोकतात, बायबल तोंडपाठ करतात, आणि भूगोल असो की गणित, सगळं एकाच देवाच्या घरातलं म्हणून शिकतात. या पालकांना पोराच्या नोकरीपेक्षा त्याचा जीव कशावर जडेल याची काळजी जास्त.

हे वाचलं आणि मला माझी बहीण आठवली.

तिने थोरल्याला आळंदीला पाठवलं. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यास, आणि त्या संस्थेच्या मागोमाग गावात कितीतरी लहानमोठी गुरुकुलं उभी राहिली. गाथा, ज्ञानेश्वरी, हरिपाठ आधी पाठ, मग अर्थ, मग शंका, आणि सरतेशेवटी कीर्तनाला उभं राहणं. सेयर्सबाईंची तिन्ही वयं इंद्रायणीकाठी मृदंगाच्या साथीने चाललेली आहेत! आपण मात्र 'पोपटपंची' हा शब्द शिवीसारखा वापरतो. तेव्हा मीही वापरला होता. "पोराचं वाटोळं करून राह्यली तू," असंही बोललो. बहीण शांतपणे म्हणाली, "दादा, तुह्या पोरीच्या तोंडी काय आहे, सांग बरं." मी ट्विंकल ट्विंकल म्हणणार होतो, गप्प बसलो.

तिचं सगळंच पटलं असं नाही. लेकरू घरापासून इतकं लांब, दहावीचं पुढे काय होणार ते अधांतरी, आणि शंका विचारलेली सगळ्याच गुरूंना खपते असंही नाही. लॅटिन घोकणाऱ्यांच्या शाळांतही उत्तर आधी ठरलेलं असेल तर वादाला अर्थ किती, हा प्रश्न मला छळतोच. पण वळण म्हणताना आपल्याला काय हवं ते बहिणीला ठाऊक होतं. मी टाय विकत घेतला होता.

यंदा उन्हाळ्यात भाचा सुटीला आला. संध्याकाळी ओसरीवर आमचे वडील, त्यांना सगळे आबाजी म्हणतात, दोन्ही नातवंडांना घेऊन बसले. आबाजींची शाळा चौथीपर्यंतची. पण पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे अजून मुखोद्गत. साडेतीन क्विंटल कापसाचा हिशेब व्यापारी कॅल्क्युलेटर चाचपेपर्यंत त्यांच्या ओठावर तयार असतो.

"एक औट औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा," त्यांनी सुरुवात केली. लेकीने टेबल्समध्ये असं काही ऐकलेलं नव्हतं.

"औट म्हंजे?"

"साडेतीन."

"साडेतीनच काऊन? पावणेचार काऊन नाही?"

आबाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना हे आजवर कोणी विचारलेलं नव्हतं. "आमच्या मास्तरले असं इचारलं असतं तं छडी बसली असती," एवढंच म्हणाले.

"पावणेचारचं मले नाही माहीत," भाचा म्हणाला, "पण देह औट हाताचा असते. आमचे महाराज सांगतात. राजा असो की भिकारी, ज्याचा त्याच्या हातानं साडेतीनच हात."

लेकीचा विश्वास बसला नाही. ती उठली, भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली, डोक्याच्या रेषेवर भाच्याकडून पेन्सिलीची खूण करून घेतली. मग जमिनीपासून कोपर टेकवत, मधलं बोट भिंतीवर ताणत, एकेक हात मोजत वर सरकू लागली. एक. दोन. तीन. अर्ध्यावर थांबून तिने खुणेकडे पाहिलं, आणि उरलेली जागा बोटांनी मोजली.

"औट हात, अन् वर चार बोटं," ती म्हणाली. "तुमच्या महाराजाले सांगजो."