काळजाची ओसरी

हृदयाच्या वरच्या कप्प्यांना मराठी पाठ्यपुस्तके 'अलिंद' म्हणतात, खालच्यांना 'निलय'. शब्द जड वाटतात. परंतु संस्कृतात अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी आणि निलय म्हणजे राहते घर. या अर्थांचा खरा उपयोग आम्हांस उमगला तो निपाणीच्या आमच्या भाचीच्या बाळामुळे.

बाळ तीन आठवड्यांचे. दूध ओढताना दमे, कपाळी घाम येई, ओठ निळसर होत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मीठमिरच्यांनी दृष्टही काढली. पुढे बेळगावी इको झाला. निदानाचे इंग्रजी नाव कोणालाच कळेना. "काळजाला भोक आहे का?" एवढेच भाची विचारीत राहिली. डॉक्टर कन्नडभाषक, ते मन लावून चित्र काढीत होते, आम्ही मराठीत सांगत गेलो. फुफ्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरा डाव्या ओसरीत उतरायच्या. या बाळाच्या चारही शिरा वाट चुकून उजव्या बाजूच्या अशुद्ध रक्तास मिळाल्या आहेत. दोन ओसऱ्यांमधील भिंतीला भोक आहे, त्यातून थोडे रक्त डावीकडे जाते, म्हणून तर बाळ तगले आहे. भोक येथे वैरी नव्हे, आधार आहे. मात्र शिरांची वाटच कोंडली, तर तासांचा हिशेब करावा लागतो.

शस्त्रक्रियेत श्वासाचे व अभिसरणाचे काम यंत्राकडे सोपवून, हृदयामागे एकत्र आलेल्या शिरा डाव्या अलिंदाशी जोडतात आणि भोक बुजवतात. १९५१ साली अमेरिकेत म्यूलर यांनी हा दोष अंशतः दुरुस्त केला. संपूर्ण दुरुस्तीचा वृत्तांत लुईस, व्हार्को व सहकाऱ्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला आपला मुलूख म्हैसूर राज्यात गेला.

सारे समजल्यावर भाचीने संमतिपत्रावर सही केली. बाळ सुखरूप आहे. जोड अरुंद होत नाही ना, हे पाहण्यासाठी अधूनमधून इको करावा लागतो.

मराठीसाठी आपल्या घराण्यांनी मोर्चे काढले, तुरुंगवास सोसला. तो लढा न्याय्यच. परंतु फलकावरील मराठीइतकीच खाटेशेजारच्या मराठीची निकड आहे. भ्यालेल्या आईला तिच्या लेकराचे दुखणे घरच्या शब्दांत सांगणारी चार पाने लिहिणे, हेही साहित्यसेवेतच मोडते, असे आम्हांस वाटते.