काचेला लागलेला चुना

दादर सोडून वाघोलीला राहायला आलो, तेव्हा पहिली तक्रार तुरीच्या डाळीने केली. कुकरच्या ५ शिट्ट्या झाल्या तरी ती आपली अख्खीच. मग अंगाचा साबण फेस धरेना. जन्म गेला भातसा-तानसाच्या पाण्यावर. पाणी जड असतं म्हणजे काय, हे कोणाला ठाऊक?

दोन महिन्यांत बाथरूमची काच अशी झाली, की पलीकडे माणूस उभाय की टॉवेल लटकतोय ते समजेना. साबणाचेच डाग असणार, असं धरून मी कपड्यांची पावडर लावली, मग भांड्यांची, शेवटी तारेची घासणी घेतली. घाम निघाला, डाग नाही. वर बारीक ओरखडे उठले, ते अजून आहेत.

कामाला येणाऱ्या मावशी दारातून बघत होत्या. "दादा, घासून काय व्हतंय? क्षार हाय त्यो, दगडावानी. भिजवा त्याला."

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत मानली आहे, दुसरी सोयच नसेल तर ६००. असा थरावर थर चढलेला चुना ताकदीने नाही, आंबटाने सुटतो.

पांढरं व्हिनेगर आणलं. त्यात भिजवलेले टिश्यू पेपर काचेला चिकटवून अर्धा तास गप्प बसलो. (मला हेच सगळ्यात अवघड गेलं.) शॉवरच्या तोंडाला व्हिनेगरची पिशवी रबरबँडने बांधली. नळाची जाळी वाटीत बुडवली, तर तिच्यातून सोड्यासारखे बुडबुडे सुटले. तासाभराने वाटीच्या तळाशी पांढरी कणी, आणि जाळीतून पलीकडचा उजेड दिसायला लागला.

झालं, अंगात आलं. उरलेलं व्हिनेगर बाथरूमच्या मार्बलच्या उंबरठ्यावर ओतलं. तिथेही बुडबुडे! मी खूश. पुसून बघतो तर चकाकीच गायब. मार्बल हाही मुळात चुन्याचाच दगड. आंबटाला डाग कुठला नि फरशी कुठली, काय कळणार? हार्डवेअरवाल्याने दिलेली ॲसिडची बाटली मात्र मावशींनी उघडू दिली नाही, ते बरं झालं. त्याने नळाचं क्रोम जातं, आणि चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता काचेजवळ छोटा वायपर टांगलाय. अंघोळ झाली की ज्याने त्याने पाणी ओढायचं. पाहुणेही सुटत नाहीत. आमच्याकडे आलात तर उंबरठ्यावर एक पायपुसणं दिसेल. ते तेवढं उचलू नका.